हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, जून ते जानेवारी: खाऱ्या हवेतल्या बाइकचे जाम स्क्रू

निकाल आधीच सांगून टाकतो. इंजिनच्या कव्हरचे प्लस स्क्रू काढायला हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या दणक्याने स्क्रू फिरवणारं हत्यार, हवंच. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) लांब बोल्टासाठी मात्र ते घेऊ नका, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

वापर झाला तो मालवण-देवगड पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांवर, बहुतेक यामाहा आरएक्स १०० आणि तिच्याच वयाच्या. या गाड्यांची कव्हरं अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू लोखंडी. मध्ये खारं दमट पाणी शिरलं की बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांत गच्च बसते. म्हणून इकडे वरून चकचकीत दिसणारा स्क्रूसुद्धा हलत नाही. घाटावरून गाडी आणलेल्यांना हे पटत नाही. ते तांबडा गंज शोधत बसतात आणि गंज सोडवायचा स्प्रे मारत राहतात. स्प्रेने ही पूड विरघळत नाही. तो फक्त फटीत तेलाची ओल धरतो आणि स्क्रू सुटायला लागला की चिकटण कमी करतो. मारायचाच तर आदल्या संध्याकाळी मारा.

ड्रायव्हरचं काम साधं आहे. मागे हातोडी बसली की आतला तिरका खाचा तो दणका फिरवण्यात बदलतो, आणि त्याच क्षणी बिट खाली दाबलं जातं. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की बिट वर उचलतं आणि डोकं गोल होतं; इथे ते होत नाही. दिशा नीट लावून घ्या. दिशा बदलायची रिंग चुकीकडे असेल तर तुम्ही स्क्रू आणखी आवळत असता. बिट खाचेत दाबून ड्रायव्हरची बॉडी डाव्या हाताने सुटायच्या दिशेला पिळून धरायची आणि मग मारायचं. हातोडी किलोभराची लागते. पाव किलोची नुसती उड्या मारते आणि डोकं खराब करते. चारपाच नेमके दणके पुरतात. तेवढ्यात हललं नाही तर एकदा आवळायच्या दिशेने हलका दणका द्या, पूड तुटते, मग परत सोडवा. इंजिन फ्रेममध्ये असतानाच हे स्क्रू सैल करून घ्या. सुटं इंजिन टेबलावर नाचतं, अर्धा दणका वाया जातो.

खरी तक्रार सोबतच्या बिटांबद्दल. ती फिलिप्स या नेहमीच्या प्लस मापाची असतात आणि या गाड्यांचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे. फिलिप्सचं टोक तळाला आधी टेकतं, बाजूच्या भिंतींवर पकड येत नाही. ६ मिमीच्या स्क्रूला ३ नंबरचं जेआयएस बिट वेगळं विकत घ्या. खाचेतला रंग आणि चिखल खिळ्याने कोरून काढा, मग बिट टेकवून हातोडीने एक टिचकी द्या. बिट तळापर्यंत बसलं की आवाज बदलतो, बद्दचा टण् होतो. तो ऐकल्याशिवाय पिळायचं नाही.

दुसरी तक्रार खास आपल्याकडची. ऑगस्टमध्ये ड्रायव्हर स्वतःच जाम झाला. आत कारखान्यातलं ग्रीस नावापुरतंच असतं. खोलून, पुसून, जाड ग्रीस भरलं. तेव्हापासून नीट आहे. नवा घेतल्याबरोबरच हे करा.

दणक्याने न सुटणाऱ्या स्क्रूला उष्णता. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून स्क्रूला नव्हे, त्याच्या भोवतालच्या कव्हरला बत्ती दाखवायची. टाकी आणि कार्बोरेटर आधी लांब ठेवा, स्प्रे पुसून काढा. बत्ती फिरती ठेवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडाला की थांबा. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, थेट वितळतं. जवळच्या ऑइल सीलची मात्र आशा सोडा.

डोकं तुटलंच तर घाबरू नका. कव्हर निघालं की बाहेर राहिलेलं खोड ग्रिप प्लायरने बहुतेकदा सहज फिरतं, कारण ताण गेलेला असतो. खोड पृष्ठभागाशी सपाट तुटलं असेल तर मधोमध पंच मारून उलट्या पिळाचं, म्हणजे सुटायच्या दिशेने फिरणारं, ड्रिल लावा. भोक पाडतानाच खोड कधी कधी बाहेर येतं. ईझी-आउट, म्हणजे भोकात रुतवून खोड उलटं फिरवायचं हत्यार, शेवटी. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साध्या ड्रिलने निघत नाही, आणि मग सगळं काम लेथवाल्याकडे.

स्विंगआर्मचा बोल्ट हे वेगळंच प्रकरण. तिथे लोखंडात लोखंड, म्हणजे खरा तांबडा गंज, आणि मासळीचे क्रेट वाहिलेल्या गाडीत तर बर्फाचं खारं पाणी थेट तिथेच गळलेलं. रबरी बुश असल्यामुळे बत्ती चालत नाही. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मे-निम्मे मिसळून दोन-तीन दिवस सोडत राहा; हे मिश्रण पेट घेतं, आसपास आग नको. आधी डोक्याला सहा कोनी सॉकेट लावून बोल्ट फिरवायचा. फिरला तर नट आट्यांच्या टोकाशी सपाट ठेवून त्यावर मारायचं. उघड्या आट्यांवर मारलं की टोक फुलतं आणि बोल्ट बाहेर येणं संपतं. फिरतच नसेल तर फ्रेम आणि आर्मच्या फटीतून करवतीच्या पात्याने दोन्हीकडे कापा. बोल्ट आणि बुश नवे मिळतात, फ्रेम मिळत नाही.

कव्हर परत बसवताना ॲलन बोल्ट (डोक्यात सहा कोनी खाच असलेले) घाला, पण स्टेनलेसच्या मोहात पडू नका: अ‍ॅल्युमिनियमशी त्याचं वैर साध्या लोखंडाहून मोठं, ग्रीसशिवाय बसवलात तर पुढच्या वेळी आटे घेऊनच बाहेर येईल. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा, आणि ६ मिमीच्या बोल्टाला कोरड्यात १० न्यूटन-मीटर देत असाल तर ८ वर थांबा.