पैदाशीच्या बोकडासाठी आणलेली ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची पूड

पावसाळा सरताना मुरबाडच्या एका पशुखाद्य दुकानातून ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची एक किलोची पूड आणली; बोकडाचे वीर्य सुधारते असा डब्यावर दावा आहे. आमच्या उस्मानाबादी बोकडाकडून भरवलेल्या शेळ्या लागोपाठ उलटू लागल्या होत्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत होत्या, आणि डॉक्टरांनी बोकडाला हात लावण्याआधी खुराकाची पोती उघडायला सांगितली. सरकी पेंडीच्या तळाशी गुठळ्या होत्या आणि मक्याच्या भरड्याला कुबट वास येत होता.

सरकीत मुळातच गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट त्यातील बराच भाग निकामी करते; पण खुराकाचा सगळा भार सरकीवरच असेल, तर उरलेले गॉसिपॉल शुक्राणूच्या मधल्या भागाला, म्हणजे त्याला पोहायला बळ पुरवणाऱ्या जागेलाच, इजा करते. ओल्या मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष येते ते वेगळेच. शुक्राणूच्या आवरणातील असंपृक्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण लवकर होते आणि ई जीवनसत्त्व त्या आवरणातच राहून ते रोखते. गॉसिपॉल खाणाऱ्या वळूंना ई जीवनसत्त्व दिल्यावर वीर्याची हानी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे डब्यावरचा दावा पोकळ म्हणता येणार नाही.

पूड बारीक आहे आणि गुळाच्या पाण्यात कालवलेल्या भुश्यावर टाकली, की बोकड घमेले चाटून पुसून काढतो. तक्रार आहे ती मात्रेची. डब्यावर गाय आणि म्हैस एवढ्यांचीच मात्रा छापली आहे, आत मापाचा चमचाही नाही. सेलेनियमची पोषक आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने अंदाजाने टाकणे धोक्याचे आहे. मात्रा शेवटी डॉक्टरांनीच वजनावरून काढून दिली. त्यातच दुकानदाराने ‘ही घातली की बुरशीची पेंडही चालते’ असे ठासून सांगितले, ते साफ चूक आहे. जीवनसत्त्व विष बांधून ठेवत नाही. अफ्लाटॉक्सिन बांधायला बेंटोनाइटसारखी माती लागते.

बोकडात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 7 आठवडे आणि पक्व होऊन बाहेर यायला आणखी दीडदोन आठवडे लागतात, म्हणून दोन महिने मी काहीच मोजले नाही. त्यानंतर भरवलेल्या पाच शेळ्यांपैकी चार पुन्हा माजावर आल्या नाहीत. अर्थात सरकीऐवजी तूरचुणीही त्याच आठवड्यात सुरू केली होती, त्यामुळे सगळे श्रेय पुडीला देता येणार नाही. म्हसा गावच्या यात्रेत विकायला काढलेला बोकड तूर्त गोठ्यातच आहे. दुसरा डबा घेईन, पण शेळीची मात्रा छापलेला.