आंतरव्यावसायिक ऑनलाइन कोर्स: सात महिन्यांनंतरचा अनुभव

मी वॉर्डात नर्स आहे. वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांतल्या लोकांनी एकत्र शिकायचा हा कोर्स मी केला. आमच्या गटात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक आहारतज्ज्ञ. दर आठवड्याला एका पेशंटची केस यायची. ड्युटी सांभाळून लेखी चर्चा करायची आणि पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओवर भेटायचं.

पहिले दोन महिने निराशेचे गेले. डॉक्टर आधी लिहायचे आणि बाकीचे 'सहमत' लिहून मोकळे व्हायचे. तिसऱ्या महिन्यात मार्गदर्शकांनी नियम केला: डॉक्टरांनी शेवटी लिहायचं. तिथून चर्चेत जीव आला.

एक केस अजून डोळ्यांसमोर आहे. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या आजींचा डिस्चार्ज होता, सोबत नव्याने मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलेलं. गोळ्यांच्या वेळा घरच्यांना समजावीन, एवढंच मी लिहिलं. फार्मासिस्टने विचारलं, "मेट्रोनिडाझोलने वॉरफरिनचा जोर वाढतो. आयएनआर कोण तपासणार, कुठल्या दिवशी?" (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी.) फिजिओथेरपिस्ट म्हणाली, उठताना आजींचा तोल जातो; पडल्या तर रक्तस्रावाचा धोका. डॉक्टरांनी प्लॅन बदलला. मीही घरच्यांना सांगायच्या यादीत काळी शी (आतल्या रक्तस्रावाची खूण) आणि डोक्याला मार हे दोन्ही घातलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात हे शिक्षण एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत व्हावं असं म्हटलंय. त्यातलं 'एकमेकांकडून' मला त्या दिवशी कळलं.

कोर्स उत्तम, पण त्याचं मूल्यमापन फारच तोकडं. शेवटी समाधानाचा फॉर्म आला, म्हणजे प्रशिक्षण तपासायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांपैकी पहिलीच. शिकलो का, वागणं बदललं का, पेशंटला फायदा झाला का, हे कुणी विचारलंच नाही. १९९९ ची १९ प्रश्नांची आरआयपीएलएस प्रश्नावली सुरुवातीला आणि शेवटी भरून घेतली. पण ती मुख्यतः एकत्र शिकण्याची तयारी आणि त्याबद्दलचा दृष्टिकोन मोजते, आणि आपण होऊन आलेल्यांचे गुण सुरुवातीलाच वर असतात, मग वाढणार काय? पोस्टची संख्याही मोजली. त्यात 'छान मुद्दा' आणि तो आयएनआरचा प्रश्न एकाच मापात!

चर्चाच वाचायला हव्यात. गुणवर्धना आणि सहकाऱ्यांची १९९७ ची पाच टप्प्यांची पद्धत त्यासाठीच आहे: माहितीची देवाणघेवाण, मतभेद, वाटाघाटीतून नवी समज, तिची पडताळणी, शेवटी वापर. आमच्या जुन्या चर्चा मी तशा लावून पाहिल्या. पहिल्या दोन महिन्यांतल्या जवळपास सगळ्या पहिल्याच टप्प्यावर अडकलेल्या.

आता डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी फार्मसीला फोन करते. कोर्सच्या कुठल्याच फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. आमच्या कामात काय बदललं ते तीन महिन्यांनी आमच्या सहकाऱ्यांना विचारा, असं मी आयोजकांना लिहिलंय.