शाळेच्या रोजच्या व्हिडिओ सूचना: लाइव्ह दाखवाव्यात की आधी रेकॉर्ड कराव्यात?

रोजच्या सूचना व्हिडिओवर आणायचं ठरलं की चर्चा लगेच कॅमेऱ्याकडे वळते. कॅमेरा नंतर बघता येतो. आधी हे ठरवा की चूक झाली तर ती कोणाकोणाला दिसणार. लाइव्हमध्ये ती सगळ्या वर्गांना एकदम दिसते, रेकॉर्डिंगमध्ये ती चित्रीकरणाच्या खोलीतच राहते. वेळ, माणसं आणि नेटवर्क यांतले बरेचसे फरक यातूनच निघतात.

मार्ग तीन आहेत. पहिला थेट प्रक्षेपणाचा. दुसरा चित्रीकरण करून, संपादन करून फाइल दाखवण्याचा. तिसऱ्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही: सगळं लाइव्हसारखंच करायचं, पडद्यावरच्या पाट्या आणि दृश्यं ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंग-प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलता बोलताच बदलायची, पण प्रक्षेपण सुरू न करता फक्त रेकॉर्ड करायचं. याला इथे ‘एका दमातलं रेकॉर्डिंग’ म्हणू. ओबीएस मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, त्यामुळे लाइव्हला आणि एका दमातल्या रेकॉर्डिंगला तेच पुरतं. संपादनाला मात्र वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

वेळ आणि माणसं

तीन मिनिटांच्या बातमीपत्रासाठी साधारण ३५० शब्दांची संहिता लागते. मुलं मिनिटाला १२० शब्दांपेक्षा वेगाने वाचायला लागली की मागच्या बाकावर नावं कळत नाहीत.

लाइव्हला निवेदकांशिवाय किमान दोघं लागतात, एक दृश्यं बदलायला आणि दुसरा हेडफोन लावून आवाज ऐकायला. दोन्ही कामं एकाच मुलाकडे दिली की माइक बंद राहिलेला त्याच्या लक्षातच येत नाही. संपादनाच्या मार्गात चित्रीकरणाला माणसं कमी लागतात, पण तीन मिनिटांच्या व्हिडिओमागे नवख्या मुलाचा तासभर सहज जातो. त्यात शेवटच्या क्षणी सामन्याचा निकाल आला की पुन्हा जोडणी, पुन्हा एक्स्पोर्ट. रोजचं संपादन बहुधा इथेच थकतं, कारण ते एकट्या हौशी मुलावर किंवा एकट्या शिक्षकावर येऊन पडतं. एका दमातल्या रेकॉर्डिंगमध्ये २० मिनिटांत दोन-तीन टेक होतात. त्यातला बरा टेक ठेवायचा, कापाकापी करायची नाही.

नेटवर्कचं गणित

लाइव्हची खरी अडचण वर्गांच्या बाजूला असते. ७२०पी चित्राला सेकंदाला सुमारे २.५ मेगाबिट धरा. इंटरनेटवरून लाइव्ह बघताना प्रत्येक वर्ग स्वतःची वेगळी प्रत ओढतो, म्हणजे ४० वर्गांना एकाच क्षणी १०० मेगाबिट लागतात. तीच तीन मिनिटांची फाइल सुमारे ५६ मेगाबाइटची होते. ती वर्गांनी अर्ध्या तासात आपापल्या सोयीने उतरवून घेतली तर सरासरी ओझं १० मेगाबिटवर येतं. इंटरनेट तेच, वर्ग तेवढेच, तरी दहापट फरक. फाइल शाळेच्याच नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली तर बाहेरच्या इंटरनेटचा प्रश्नच उरत नाही.

लाइव्हच करायचं असेल तर प्रक्षेपणाचा संगणक वाय-फायवर ठेवू नका, केबलने जोडा. अपलोडचा वेग प्रक्षेपणाच्या बिटरेटच्या (सेकंदाला जाणाऱ्या मेगाबिटच्या) दीडपट ते दुप्पट हवा. यूट्यूबवर नव्या खात्याचं लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा ही सोय आदल्या आठवड्यातच करून ठेवा. प्रत्येक वर्गात चित्र काही सेकंद पुढेमागे पोहोचतं, त्यामुळे शेजारच्या दोन वर्गांतून एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं किंवा मौन पाळायचं असेल तर इंटरनेटवरचं लाइव्ह उपयोगाचं नाही. त्याला ध्वनिक्षेपकच हवा.

शाळेत आधीपासून केबल टाकलेली असेल तर चित्र पालटतं. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरनंतर भरवशाची राहत नाही. कॅट-६ या नेटवर्क केबलवर एक्स्टेंडर (चित्र लांबवर नेणारं उपकरण) जोडून किंवा जुन्या टीव्ही केबलवर मॉड्युलेटर (चित्राचं टीव्ही चॅनल करणारं उपकरण) लावून तेच चित्र सगळ्या वर्गांत जवळजवळ एकदमच पोहोचतं. अशी व्यवस्था असलेल्या शाळेने लाइव्हचा विचार जरूर करावा.

कुठे काय बिघडतं

लाइव्हमध्ये पार्श्वसंगीत हा मोठा धोका आहे. कॉपीराइट असलेलं गाणं यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणीत सापडलं की प्रक्षेपण मध्येच थांबू शकतं. मुलाच्या मागच्या फळ्यावर कोणाचा फोन नंबर राहिला असेल तर तोही दाखवला जातो आणि परत घेता येत नाही. यूट्यूबवरचा ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ म्हणजे खासगी असाही गैरसमज आहे. ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो व्हिडिओ बघू शकतो. पालकांची लेखी संमती तिन्ही मार्गांत लागतेच, पण संमती नसलेलं मूल चुकून चौकटीत आलं तर पुन्हा टेक घेण्याची सोय फक्त रेकॉर्डिंगमध्ये आहे.

रेकॉर्डिंगच्या खोड्या वेगळ्या. ओबीएस मध्येच बंद पडलं तर साधी एमपी४ फाइल उघडत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल प्रकारात तोपर्यंतचं चित्रीकरण शाबूत राहतं, म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवावं आणि मग ‘फाइल’ मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने एमपी४ करावं. काही सेकंदांचं काम आहे आणि चित्राचा दर्जा उतरत नाही. फोनवर केलेलं चित्रीकरण संपादनात घेतलं की शेवटी शेवटी ओठ आणि आवाज वेगळे पडतात, कारण फोन दर सेकंदाच्या फ्रेम (सुटी चित्रं) कमीजास्त करत असतो. संपादनाआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल बदलून घेतली की हे टळतं.

वेगळा कॅमेरा कॅप्चर कार्डाने (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाने) जोडला आणि माइक थेट संगणकाला लावला तर चित्र आवाजाच्या मागे राहतं. ही चूक लाइव्हमध्येही येते, एका दमातल्या रेकॉर्डिंगमध्येही. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि आवाजानंतर किती फ्रेमनी हात जुळलेले दिसतात ते मोजा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तीन फ्रेमचा फरक आला तर ओबीएसच्या प्रगत ऑडिओ सेटिंगमध्ये त्या माइकच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये १२० लिहा. जोडणी बदलली नाही तर हे एकदाच करावं लागतं.

आवाजाकडे कॅमेऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्या. चित्र थोडं अंधुक असलं तरी वर्ग बघतो, शब्द कळले नाहीत तर गप्पा सुरू होतात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यावर लावा. कॉलरच्या एका टोकाला लावला आणि मूल सहनिवेदकाकडे वळलं की वाक्याचा शेवट विरून जातो. मोठ्याने बोलताना ओबीएसमधली आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहावी. आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर ओबीएसच्या त्याच प्रगत ऑडिओ सेटिंगमध्ये त्या माइकवर ‘मोनो’ची खूण करा.

पाट्यांवरची अक्षरं १०८० ओळींच्या चौकटीत ६० पिक्सेलच्या खाली नेऊ नयेत. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून चारही बाजूंना पाच टक्के जागा मोकळी सोडा. देवनागरीत ओळींमधलं अंतर जरा जास्तच ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात.

मग निवडायचं काय

वर्गात ऐकू न येणारं एकही मूल असेल तर माझ्या मते निर्णय तिथेच होतो: रेकॉर्डिंग. लाइव्हची स्वयंचलित उपशीर्षकं मुलांची नावं आणि तारखा हमखास चुकवतात. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओची उपशीर्षकं संहितेवरून ताडून बघता येतात.

बाकी बहुतेक शाळांनी रोजच्यासाठी एका दमातलं रेकॉर्डिंग धरावं. मुलांना लाइव्हची शिस्त लागते आणि चुकीला दुसरी संधीही मिळते. संपादनाची हौस असलेल्यांना आठवड्यातून एकदा ६० ते ९० सेकंदांचा विशेष भाग करू द्या. तो ओबीएसमध्ये ‘मीडिया सोर्स’ म्हणून त्याच बातमीपत्रात चालवता येतो. लाइव्ह स्नेहसंमेलन, अंतिम सामना अशा प्रसंगांसाठी राखून ठेवा. तातडीची सूचना मात्र कधीच व्हिडिओवर टाकू नका, त्या क्षणी कोणाचा पडदा बंद असेल सांगता येत नाही.

रोजचं वेळापत्रक असं जमतं: आदल्या दिवशी शाळा सुटेपर्यंत संहिता पूर्ण, सकाळी पहिल्या तासाच्या ७५ मिनिटं आधी माइकची तपासणी, ६० मिनिटं आधी पहिला टेक, ४० मिनिटं आधी कोणा एका शिक्षकाने पूर्ण व्हिडिओ आवाजासह बघून होकार देणं, ३० मिनिटं आधी फाइल फोल्डरमध्ये. त्यानंतर काही बदललं तर व्हिडिओला हात लावू नका, तेवढीच दुरुस्ती वर्गशिक्षकांना कागदावर द्या. आणि १५ मिनिटं आधीही फाइल पोहोचली नसेल तर त्या दिवशी व्हिडिओ नाही, तीच संहिता ध्वनिक्षेपकावरून वाचायची.