पुढचा इंटरकूलर की मूळ जागेवरचा मोठा: मुंबईत चालणाऱ्या टर्बो गाडीसाठी

टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो तिचा दाब, वाढवून घेतला, की पाठोपाठ ही तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा प्रश्न उभा राहतो. कंपनीने दिलेला छोटा इंटरकूलर काढून बंपरमागे, रेडिएटरच्या पुढ्यात मोठा बसवावा, की मूळ जागीच अधिक जाड कोअर (इंटरकूलरचा जाळीदार गाभा) बसवून भागवावे? पहिल्या पिढीची 1.8 लिटर टर्बो स्कोडा ऑक्टेव्हिया या निवडीसाठी चांगले उदाहरण आहे, कारण तिचा मूळ इंटरकूलर चाकाच्या पुढे एका कोपऱ्यात असतो आणि तिच्या मालकाला दोन्ही वाटा मोकळ्या असतात. 1.0 टीएसआयसारख्या नव्या इंजिनांत पाण्याने थंड होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचातच, बसवलेला असतो, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आधी हवेच्या तापमानाचा हिशेब पाहू. बाहेर 35 अंश सेल्सिअस असताना हवा 1 बार बूस्टपर्यंत (वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब) दाबली आणि टर्बोतल्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती सुमारे 130 अंशांना टर्बोतून बाहेर पडते. इंटरकूलरने ही वाढलेली उष्णता तीन चतुर्थांश काढली, तर इंजिनात 60 अंशांच्या आसपास हवा जाते. निम्मीच काढली, तर 80 च्या वर. हवा तापली की नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि पैसे मोजून वाढवलेली ताकद तिथेच परत जाते. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना कोपऱ्यातला छोटा कोअर दोन-तीन जोरदार चढांतच तापून बसतो, तर पुढचा मोठा कोअर टिकून राहतो. या एका कसोटीवर पुढचा इंटरकूलर निर्विवाद सरस आहे.

रेडिएटरच्या बाजूने पाहिले, की चित्र पालटते. पुढच्या इंटरकूलरने हवेतून काढलेली उष्णता मागच्या एसी कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) आणि रेडिएटरवरच जाते, म्हणून गाडी तापते, असे सर्रास सांगितले जाते. घाटात ते खरे आहे. परंतु पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी गाडी इंचाइंचाने सरकत असते, तेव्हा बूस्ट जवळजवळ नसतोच आणि इंटरकूलरला बाहेर टाकण्यासारखी उष्णताही फारशी नसते. तिथे अडचण वाटेची असते. पंख्याला आता दोनऐवजी तीन थरांतून हवा ओढावी लागते, आणि हवा नेहमी सोपी वाट धरत असल्याने ती कोअरमधून न येता कडेच्या फटींतून येते किंवा इंजिनाखालची तापलेली हवाच वळून पुन्हा रेडिएटरसमोर येते. त्यात मे महिना असो वा ऑक्टोबर, मुंबईत एसी बंद ठेवण्याची सोय नाही.

माझ्या गाडीत हेच घडले. पुढचा इंटरकूलर बसवल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात वाकोल्याच्या उड्डाणपुलाअलीकडे एसी गार हवा देईनासा झाला आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, 110 अंशांच्या पुढे गेले. नवा रेडिएटर घ्यावा लागेल, असे मला सांगण्यात आले. प्रत्यक्षात रेडिएटरच्या दोन्ही कडांची, हवा बाजूने निसटू न देणारी प्लास्टिकची आडपाती जागा होत नाही म्हणून बसवताना काढून टाकलेली होती. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फोमची पट्टी लावून फटी बुजवल्या, आणि तोच रेडिएटर पुरेसा ठरला. म्हणूनच मला कळकळीने सांगावेसे वाटते की कोअरचा आकार ठरवण्याआधी या आडपातीचा विचार करावा.

पुढचाच इंटरकूलर घ्यायचा ठरले, तर कोअर सुमारे 50 मिलिमीटरच्या पलीकडे जाड नसावा आणि त्याने रेडिएटरची पूर्ण उंची झाकू नये. बार-अँड-प्लेट (पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेल्या) रचनेचा कोअर दणकट असतो आणि थोड्या वेळाचा बूस्ट चांगला सोसतो, पण बाहेरची हवा त्यातून कष्टाने जाते. ट्यूब-अँड-फिन (नळ्या आणि पातळ पात्यांचा) कोअर नाजूक असला तरी मागच्या रेडिएटरला श्वास घेऊ देतो, आणि शहरासाठी मी तोच निवडेन. पंख्याचे आवरण शाबूत ठेवावे. बंपरमागचा लोखंडी बीम मात्र कापू देऊ नये: तो अपघातात आपल्यासाठी असतो, शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालते.

मूळ जागेवरचा जाड कोअर रेडिएटरच्या वाटेत येतच नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पाइप फारसे बदलावे लागत नाहीत, त्यामुळे जोड कमी, बूस्ट गळण्याच्या जागा कमी आणि बंपरला हात लावण्याचे कामही थोडे. मात्र त्याच्या मागून हवा बाहेर पडण्यासाठी चाकावरच्या आतल्या प्लास्टिकला जाळी असणे आवश्यक आहे; ती नसेल तर कोअर कितीही जाड घेतला तरी उपयोग नाही. पावसाळ्यात चाकाचा चिखल त्याच्यावर उडतो, तर पुढचा इंटरकूलर खड्ड्यांतले पाणी आणि खडे समोरून झेलतो. सांभाळावे दोघांनाही लागते.

रोजचा प्रवास शहरातलाच असेल आणि बूस्ट मूळच्यापेक्षा थोडाच वाढवला असेल, तर मी मूळ जागेवरचा जाड कोअरच सुचवेन. दर आठवड्याला पुणे-लोणावळ्याकडे जाणे होत असेल किंवा टर्बोच मोठा बसवला असेल, तर पुढचा इंटरकूलर योग्य, परंतु फटी बुजवण्याचे काम त्याच दिवशी, त्याच ठिकाणी पूर्ण करून घेण्याच्या अटीवर.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नये, कारण या गाडीत तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात 90 अंशांवरच स्थिर राहतो. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण) लावून, भर दुपारी, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी 20 मिनिटे जागेवर चालू ठेवावी. पंखा लागल्यावर कूलंटच्या तापमानाचा आकडा खाली येऊन स्थिरावला तर ठीक. तो चढतच राहिला, तर कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) सुचवला जाईल. तो स्वीकारू नये, कारण थर्मोस्टॅट लवकर उघडल्याने रेडिएटरची क्षमता वाढत नाही. त्याऐवजी बंपर पुन्हा उतरवून हवा कुठून निसटते ते शोधावे.