लिनक्ससाठी घेतलेला सव्वा किलोचा लॅपटॉप: वापरानंतरचा अनुभव

लॅपटॉपबद्दल बहुतेक लोक पहिल्या आठवड्यात लिहून मोकळे होतात, आणि लिनक्सच्या बाबतीत तोच आठवडा सगळ्यात फसवा असतो. पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम (इन्स्टॉल न करताच चालणारी) सुरू झाली, वायफाय लागलं, आवाज आला, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकलं की माणूस खूश. खरी कटकट नंतर कळते. झाकण मिटून मशीन बॅगेत टाकल्यावर, दुसरा स्क्रीन जोडल्यावर, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, दोन-तीन अपडेट होऊन गेल्यावर. म्हणून मशीन रोजच्या कामात पुरतं मुरल्यावरच लिहायला बसलोय.

मशीन १४ इंची, वजन सव्वा किलोच्या आत, १६:१० आकाराचा १९२०×१२०० मॅट स्क्रीन, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत वायफाय कार्ड वेगळं निघतं, फिंगरप्रिंट सेन्सर वेगळा निघतो. झाकणावर कोणाचं नाव आहे याच्याशी लिनक्सला देणंघेणं नाही. आत कोणती चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर (तिला चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये आहे का, एवढाच प्रश्न. माझं काम म्हणजे लिखाण, थोडं प्रोग्रामिंग, दोन-चार कंटेनर आणि ब्राउझरमध्ये टॅबचा ढीग. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, फेडोरा वर्कस्टेशन; त्यात डेस्कटॉप जीनोम आणि पडद्यावर चित्र आणणारी यंत्रणा वेलँड.

निवडताना वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेली सगळी मशीन आधीच बाजूला काढली. हलक्या लॅपटॉपमध्ये ते वजन वाढवतं, बॅटरी खातं आणि ड्रायव्हरची एक जादा डोकेदुखी देतं. मग वायफाय पाहिलं. इंटेलची एएक्स२१० ही चिप कर्नल ५.१० पासून नीट चालते, त्यामुळे ती दिसली की निर्धास्त राहावं. एएक्स२११ मात्र नावाने सख्खी बहीण वाटली तरी ती फक्त इंटेलच्याच प्लॅटफॉर्मवर चालते. एएमडीच्या मशीनमध्ये ती बसवून उपयोग नाही. रियलटेक आणि मीडियाटेकच्या नव्या चिपांचे ड्रायव्हरही आता कर्नलमध्ये आहेत, फक्त ते कोणत्या आवृत्तीत आले ते बघावं लागतं. उदाहरणार्थ रियलटेकची आरटीएल८८५२बीई: तिचा ड्रायव्हर ६.२ मध्ये आला. डेबियन १२ या स्थिर डिस्ट्रोचा मूळ कर्नल ६.१. म्हणजे त्यावर ती चिप आपोआप चालणार नाही. बॅकपोर्ट्समधला, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी तयार करून दिलेला, नवा कर्नल टाकला की प्रश्न मिटतो, पण इन्स्टॉल करताना नेटच नसेल तर तो आणायचा कुठून?

इथेच एक ढोबळ हिशेब सांगतो, जो मला सगळ्यात उपयोगी पडला. मशीन बाजारात कधी आलं आणि तुमच्या डिस्ट्रोचा कर्नल कधीचा, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडायच्या. कर्नल मशीनपेक्षा नवा हवा, वर्षभराने असेल तर उत्तम. स्थिर डिस्ट्रो आवडत असेल तर मशीन थोडं जुनं घ्या. मशीन नवंकोरं हवं असेल तर फेडोरा किंवा आर्चसारखं पुढे धावणारं काहीतरी घ्या. दोन्ही टोकं एकदम धरायला गेलात की रात्री-अपरात्री फोरम वाचत बसायची वेळ येते.

कॅमेऱ्याची गंमत फार जणांना माहीत नसते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आता साधा यूएसबी कॅमेरा नसतो. सेन्सर एमआयपीआय जोडणीने थेट प्रोसेसरमधल्या इमेज प्रोसेसिंग युनिटला जोडलेला असतो. इंटेलच्या आयपीयू६ या अशाच युनिटसाठीचा मूळ ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आला तो ६.१० मध्ये, आणि चित्रावरची पुढची प्रक्रिया लिबकॅमेरा या लायब्ररीला सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते. चालतं, पण रंग आणि उजेड कधीकधी विचित्र दिसतात. मी मुद्दाम यूएसबी कॅमेरा असलेलं मशीन घेतलं. लाइव्ह सिस्टीममध्ये एलएसयूएसबी ही कमांड चालवली की कॅमेरा यादीत दिसतो. दिसला नाही तर सावध व्हायचं.

आता झोपेबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते हलका लॅपटॉप लिनक्सवर पास की नापास हे इथेच ठरतं.

पूर्वीचे लॅपटॉप एस३ नावाच्या अवस्थेत झोपायचे. रॅमला तेवढा वीजपुरवठा, बाकी सगळं बंद. अलीकडच्या बऱ्याच मशीनमधून एस३ काढूनच टाकलंय. त्याऐवजी एस२आयडल आहे, ज्यात मशीन तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं आणि प्रत्येक भागाने आपापलं शांत व्हायचं असतं. एकाने जरी दंगा केला तरी अख्खं घर जागं. तुमच्याकडे काय आहे ते /सिस/पॉवर/मेम_स्लीप या फाइलमध्ये दिसतं. तिथे 'डीप' हा शब्द नसेल तर एस३ नाही. माझ्याकडे नाहीच.

सुरुवातीला रात्रभर टेबलावर मिटून ठेवलेलं मशीन सकाळी जेमतेम काही टक्के बॅटरी गमावायचं. उत्तम. पण बॅगेत घालून कुठे निघालो की पोचेपर्यंत बॅटरी निम्मी आणि मशीन कोमट. म्हणजे झोपेत काही दोष नव्हता, प्रवासात काहीतरी होत होतं. जर्नलसीटीएल उघडून कर्नलच्या नोंदी पाहिल्या तर 'सस्पेंड एंट्री' आणि लगेच 'सस्पेंड एक्झिट', अशा जोड्यांची रांगच लागलेली. मशीन उठायचं, झाकण बंद आहे हे सिस्टीमडी या व्यवस्थापक प्रोग्रामच्या लक्षात यायचं, थोड्या वेळाने ते पुन्हा झोपायचं, पुन्हा उठायचं. असा सगळा रस्ताभर खेळ.

कारण मजेशीर निघालं. वजन कमी करायचं म्हणून झाकण इतकं पातळ केलंय की बॅगेतल्या वह्या-पुस्तकांच्या दाबाने ते किंचित वाकतं आणि स्क्रीन खालच्या कीबोर्डवर टेकतो. एस२आयडलमध्ये कीबोर्डची कुठलीही की मशीनला उठवू शकते. मशीन हलकं असण्याची किंमत अशी झोपेत चुकवावी लागत होती. उपाय एका ओळीचा: उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हचा एक नियम लिहून आतल्या कीबोर्डचं 'पॉवर/वेकअप' हे मूल्य 'डिसेबल्ड' केलं. झाकण उघडल्यावर मशीन आधीसारखंच उठतं, कारण त्याचा स्विच वेगळा आहे. तेव्हापासून बॅगेतलं मशीन थंड राहतं.

तुमच्या मशीनची झोप खरोखर गाढ आहे का ते तपासायचं असेल तर /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप ही फाइल वाचा. मागच्या झोपेत हार्डवेअर किती वेळ सगळ्यात खालच्या अवस्थेत होतं ते तिथे मायक्रोसेकंदात मिळतं. तासभर मिटून ठेवल्यावर आकडा शून्य असेल तर झोप नावालाच आहे. मग बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट, एसएसडी, यूएसबीला अडकवलेला डोंगल असं एकेक तपासत जायचं. मशीन परत करायची मुदत संपायच्या आत हा प्रयोग कराच. लाइव्ह पेनड्राइव्हवरून तो नीट होत नाही, इन्स्टॉल करूनच बघावा लागतो.

हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद करणं, हा पर्याय कागदावर छान दिसतो. पण सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर अनेक डिस्ट्रोंमध्ये कर्नल लॉकडाउन या बंधनामुळे हायबरनेट बंदच राहतं. मी सिक्युअर बूट ठेवलं, हायबरनेट सोडून दिलं.

बॅटरी ५७ वॉट-तासांची. नुसतं लिहीत असताना, स्क्रीन मध्यम उजेडावर, पॉवरटॉप हा वीज मोजणारा प्रोग्राम साडेचार-पाच वॉट दाखवतो. गणिताने अकरा-बारा तास व्हायला हवेत. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, मधेच एखादं कंपाइल धरून सात-आठ मिळतात. मला पुरेसे आहेत. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या. फेडोरामध्ये पेटंटच्या कारणामुळे एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ प्रकारांचं हार्डवेअर डिकोडिंग मेसाच्या (ग्राफिक्स ड्रायव्हरच्या) मूळ पॅकेजमध्ये नसतं, ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घ्यावं लागतं. त्याआधी व्हिडिओ सुरू केला की पंखा गुरगुरायचा, नंतर पंखा फिरतोय की नाही हे कान लावून ऐकावं लागतं. टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन हे वीज सांभाळणारे दोन प्रोग्राम एकत्र चालवू नका, दोघं एकमेकांच्या सेटिंग पुसतात. मी जीनोमच्या मेनूत दिसतात ती साधी प्रोफाइल ठेवलीत आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवलीय. जीनोम ४८ पासून ही सोय थेट सेटिंग्जमध्ये आहे, मात्र मशीनच्या फर्मवेअरची साथ हवी.

वायफाय कार्ड या नगात जे आलं ते चालतं, पण सुरुवातीला दर थोड्या वेळाने कॉल अडखळायचा. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय.पॉवरसेव्ह = २ केलं, म्हणजे वीजबचत बंद केली, आणि अडखळणं थांबलं. बॅटरीवर फरक पडलाच असेल तर तो मला जाणवला नाही.

स्क्रीनबद्दल माझं मत जरा उलटं आहे. दुकानात २८८०×१८०० चा पडदा डोळ्यात भरतो. पण १४ इंचात तो दीडशे-पावणेदोनशे टक्के स्केलिंगवर (सगळं तेवढं मोठं करून) वापरावा लागतो, आणि वेलँडच्या आधीच्या एक्स११ यंत्रणेवरचे जुने प्रोग्राम तिथे धूसर दिसू शकतात. केडीई प्लाझ्मा ६ या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये हे बरंच सुधारलंय, जीनोममध्येही हळूहळू होतंय. तरी साधा १९२०×१२०० पडदा वीज कमी खातो आणि अपूर्णांकाच्या भानगडीत पाडत नाही. मी स्केलिंग शंभर टक्केच ठेवून ट्वीक्स या प्रोग्राममधून फक्त अक्षर सव्वापट केलंय. देवनागरीतल्या जोडाक्षरांना तेवढी उंची लागतेच. नोटो सान्स देवनागरी छान दिसतो. कीबोर्डच्या यादीत मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि कागापा असे दोन्ही पर्याय तयार असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही.

स्पीकर वाईट आहेत. पातळ लॅपटॉपचे स्पीकर मुळात पत्र्यासारखे वाजतात, आणि ते झाकायला उत्पादक जी ध्वनिप्रक्रिया विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये घालतात ती इकडे मिळत नाही. ईझीइफेक्ट्स या प्रोग्राममध्ये खर्ज थोडा उचलला आणि मधले कर्कश सूर दाबले, आता बोलणं ऐकण्यापुरते बरे आहेत. गाणी हेडफोनवर.

फिंगरप्रिंट सेन्सर चालत नाही, आणि चालेल असं वाटतही नाही. लिबएफप्रिंट या सेन्सर चालवणाऱ्या लायब्ररीच्या यादीत त्याचा यूएसबी क्रमांक नाही, हे मला घेण्याआधीच दिसलं होतं. पासवर्ड टाइप करायचा मला कंटाळा नाही, म्हणून चालवून घेतलं. ज्यांना बोट टेकवूनच आत जायचं असतं त्यांनी ही यादी पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

कीबोर्ड उथळ आहे, हात आठवड्याभरात सरावतो. उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची की आहे. ती दाबली की आतून लेफ्ट शिफ्ट, सुपर (विंडोजची की) आणि एफ२३ असा तिहेरी संदेश जातो. कीडी नावाच्या छोट्या प्रोग्रामने तिला पुन्हा कंट्रोल बनवलं. कोणाला ही की खरंच हवी होती, देव जाणे.

बाहेरचा स्क्रीन यूएसबी-सीवरून एका केबलने लागतो, चार्जिंगही त्यातूनच होतं. डॉक (एका केबलने स्क्रीन, चार्जर वगैरे जोडणारा डबा) घेताना तो डिस्प्लेलिंकवाला नाही ना, एवढं बघा; त्याला कर्नलबाहेरचा ड्रायव्हर लागतो, आणि कर्नल बदलला की तो रुसू शकतो. यूएसबी-सीतून थेट चित्र पाठवणारा साधा डिस्प्लेपोर्ट आल्ट मोडवाला डॉक कसलीही तक्रार करत नाही. चार्जर मात्र हातात घेऊन बघा. मशीनच्या वजनाची जाहिरात होते, विटेएवढ्या चार्जरची होत नाही. मी ६५ वॉटचा लहान गॅलियम नायट्राइड चार्जर वापरतो.

बायोस अपडेट आता लिनक्समधूनच होतात, ही मला सगळ्यात मोठी सुधारणा वाटते. २०१५ साली रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेली एलव्हीएफएस ही सेवा आणि एफडब्ल्यूअपडी हा प्रोग्राम यांच्यामुळे सॉफ्टवेअर सेंटरमध्ये नेहमीच्या अपडेटसारखंच फर्मवेअरही येतं. एलव्हीएफएसच्या संकेतस्थळावर मॉडेल शोधता येतं. तिथे मशीन नसेल तर बायोससाठी डिस्कवर विंडोजचं एक पार्टिशन सांभाळत बसावी लागते किंवा पेनड्राइव्हवरून खटाटोप करावा लागतो. मी दोन मशीनमध्ये अडकलो होतो तेव्हा या एका मुद्द्यावर निर्णय घेतला.

रॅम हलक्या मशीनमध्ये बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. १६ जीबीत भागतं, पण कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणार असाल तर ३२ च घ्या. एसएसडी मात्र बहुतेक वेळा बदलता येते.

नवं घ्यायचं नसेल तर दोन-तीन वर्षं जुने, ऑफिसांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप लिनक्ससाठी कितीतरी सोपे पडतात, कारण तोवर त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये स्थिरावलेले असतात. लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊनच बघायला जा. यूपॉवर या प्रोग्राममध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात, त्यावरून ती किती झिजलीय ते कळतं. बायोस उघडून बघा. त्याला आधीच्या मालकाचा पासवर्ड असेल तर तो काढून मिळेपर्यंत व्यवहार करू नका. आणि झाकणावर मधोमध बोटाने हलकेच दाबून बघा, ते किती वाकतं ते.