बेस गिटार घेताय? ट्रस रॉडचा नट कुठे आहे ते आधी बघा (रत्नागिरीतल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव)

जुलै अर्धा सरला आणि माझ्या बेस गिटारची जाडी तार पहिल्या तीन फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) खरखरायला लागली. पाचव्याच्या पुढे आवाज स्वच्छ, खाली आलं की तार लोखंडावर घासतेय हे शेजारच्या खोलीत कळावं इतकी खरखर. दिवाळीनंतर घेतलेली गिटार, उन्हाळाभर एक तक्रार नाही. विकणाऱ्यांना फोन लावला.

"सर, लाकूड आहे. पावसात असं होतंच."

"होतंच हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग रत्नागिरीचा पत्ता घालून माल पाठवलात तेव्हा एक ओळ लिहायची होती."

"वॉरंटीत हवामान येत नाही सर. मुंबईला पाठवा, सेटअप करून देऊ."

म्हणजे जाण्यायेण्याचं कुरिअर माझं, सेटअपचे, म्हणजे मान आणि तारा जुळवून देण्याचे, पैसे वेगळे, आणि ऐन पावसात चार फुटी खोकं दोनदा घाट चढून उतरून येणार. परत आल्यावर हवा तीच, दमटपणा तोच. मी पाठवली नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चार ठिकाणी विचारलं आणि चारही ठिकाणी हेच उत्तर मिळालं.

पी-बेस, म्हणजे फेंडरची प्रिसिजन बेस गिटार, काय चीज आहे ते इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. १९५१ मध्ये लिओ फेंडरने बाजारात आणलेली रचना, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेची थरथर पकडून विजेच्या रूपात पुढे पाठवणारा भाग). माझी गिटार त्याच जुन्या धाटणीची स्वस्त नक्कल आहे. आवाजाबद्दल, वजनाबद्दल, रंगाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि ती मी सविस्तर लिहिणार आहे, कारण खरेदीच्या आधी वाचलेल्या एकाही परीक्षणात तिचा उल्लेख नव्हता. या गिटारच्या ट्रस रॉडचा नट मानेच्या बुडाशी आहे, धडाच्या खाचेत दडलेला. मान सोडवल्याशिवाय तो फिरवता येत नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चार तारा मिळून मानेला ७५-८० किलोच्या आसपास ओढतात. ती ओढ तोलायला मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, तीच ट्रस रॉड. मान अगदी सरळही नको, तारांच्या बाजूला किंचित खोलगट हवी, म्हणजे तारेला थरथरायला जागा राहते. लाकडाने दमटपणा ओढला की हा तोल बिघडतो. कोणाची मान पुढे येते, कोणाची मागे जाते. लाकूड कसं कापलंय आणि फिंगरबोर्डला (फ्रेट बसवलेली मानेची पुढची पट्टी) फिनिश आहे की नाही, यावर ते ठरतं. माझी मागे गेली. खोलगटपणा संपला आणि तार फ्रेटवर टेकली.

हे मोजायला महागडं काही लागत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, धडाशी जिथे मान जुळते तिथला फ्रेट दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघायची. ०.३ मिलीमीटरच्या आसपास फट बेसला चालते. मोजायचं फीलर गेजने. 'गिटारसाठी' म्हणून विकायला ठेवलेल्या संचाची किंमत बघून मी बुलेटच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी ड्रॉवरमधून पत्त्यांसारखा उलगडणारा गेज काढला.

"टॅपेट का?"

"नाही हो, गिटार."

त्यांनी एकही प्रश्न न विचारता पाती पुसली, ०.३०ची पात वेगळी काढून अंगठ्याने धरून दाखवली आणि म्हणाले, "पात जाताना अडली नाही पाहिजे आणि सैलही नको. लोण्यातून सुरी जाते तशी." गिटारच्या सेटअपबद्दल मी पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते, पण हे एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं. तसाच गेज ऑटो स्पेअरच्या दुकानात शे-सव्वाशेत मिळाला. माझ्या तारेखाली सगळ्यात पातळ पातही शिरली नाही.

मग पुढचा उद्योग. तारा सैल करायच्या, पण पूर्ण काढायच्या नाहीत. पहिल्या फ्रेटवर कॅपो घट्ट ठेवला की त्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. गिटार उपडी घालायची, पाठीमागच्या पत्र्याचे चार स्क्रू काढायचे, मान उचलायची. बुडाशी अधिकच्या खुणेसारखी खाच असलेला नट दिसतो. घट्ट केला तर मान मागे जाते, सैल केला तर पुढे येते. मला सैल करायचा होता, म्हणून घड्याळाच्या उलट अष्टमांश फेरा. पुन्हा मान बसवायची, स्क्रू आवळायचे, तारा सुरात आणायच्या आणि मग मोजायचं, कारण तारांचा ताण नसताना घेतलेलं माप काही कामाचं नाही. फट कमी भरली? पुन्हा तारा सैल, पुन्हा चार स्क्रू. नट खुंट्यांच्या बाजूला, हेडस्टॉकवर असता तर ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून हेच काम दोन मिनिटांत, तारा सुरात ठेवून झालं असतं. माझी सगळी संध्याकाळ गेली. शिवाय लाकडात थेट बसणारे ते स्क्रू दरवर्षी काढघाल केले तर भोकं सैल होणार, ही काळजी वेगळीच. कोरड्या हवेच्या गावात ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी असेल. कोकणात आणि गोव्यात नाही.

हे काम करून झाल्यावर गिटार विकायची असं मी ठरवलं होतं. जाहिरातीसाठी फोटोही काढले. पण खरखर गेली होती म्हणून त्या रात्री वाजवायला बसलो, आणि जाहिरात टाकायची राहिली ती राहिलीच.

का, ते सांगतो. मी पेटी वाजवणारा माणूस. भजनाला साथ करत आलो आहे. बुवांनी काळी चार सोडून काळी पाच धरली की पेटीवर बोटांची सगळी ठेवणच बदलते. म्हणून तर स्केलचेंजर पेट्यांना एवढी मागणी. बेसवर हात दोन फ्रेट सरकवला की झालं. चार तारा पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच अशा लावलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम. त्यामुळे सगळ्यात जाड तार सोडून सा कुठेही धरा, त्याच फ्रेटवर खालच्या, जाड तारेवर मंद्र पंचम बसलेला असतो. वरच्या तारेवर दोन फ्रेट पुढे मध्य सप्तकातला पंचम, आणि मधली एक तार सोडून त्यापुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे तार सप्तकाचा सा. ही आकृती मानेवर कुठेही न्या, बदलत नाही. सा आणि खालचा पंचम एवढ्या दोन सुरांवर अख्खा अभंग पेलता येतो, आणि डावा हात जागचा हलवावा लागत नाही. केरव्यात डग्ग्याची घुमक जिथे पडते तिथेच बेसचा सूर ठेवला की गाणारा निवांत होतो. हे पेटीवर मला कधी मिळालं नव्हतं.

आणि ऐकण्यात पडलेला फरक तर त्याहून मोठा. सत्तरच्या दशकातली राहुल देव बर्मन यांची गाणी आपण सगळे पाठ म्हणतो, पण त्यात टोनी वाझ यांची बेस गिटार खाली स्वतःची वेगळी चाल चालवते हे मला इतकी वर्षं ऐकूच आलं नव्हतं. याला एक साधं कारणही आहे. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची आणि मोबाइलच्या स्पीकरला तो सूर झेपतच नाही, वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. चांगला हेडफोन लावून जुनी गाणी एकदा ऐका. आमच्या घरी गेल्या सहा महिन्यांत निम्मी गाणी नव्याने ऐकून झाली.

हेडफोनवरून आठवलं. ॲम्प्लिफायर मी घेतलाच नाही आणि नवशिक्यांनी लगेच घेऊ नये असं माझं मत आहे. खर्जाचा आवाज भिंती आणि स्लॅब ओलांडून जातो, दार लावून उपयोग नाही. जॅकमध्ये खोचायचा चार्जिंगवाला छोटा हेडफोन ॲम्प पुरतो, आणि पावसात लाइट गेली तरी रियाज थांबत नाही. इकडे हा मुद्दा मोठा आहे. जुन्या घरात हात तारेवरून उचलला की घूं असा आवाज येतो का, तेही बघा. पी-बेसच्या पिकअपचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे गुणगुण एरवी आपसूक रद्द होते. तरीही घूं येत असेल आणि तारेला हात लावल्यावर थांबत असेल, तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. गिटार विजेवरच्या ॲम्पला जोडणार असाल तर तारांना हात लावण्याआधी हे झालंच पाहिजे.

ऑगस्टअखेर तारा गंजल्या. समुद्राच्या हवेत निकेलचा मुलामा असलेल्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारांच्या वेढ्यांत खारं घाम-पाणी बसतं आणि बोटं काळी होतात. दर दोन-तीन महिन्यांनी नवा संच परवडणारा नाही. म्हणून फ्लॅटवाउंड घेतल्या, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या. किंमत दुपटीहून जास्त, इतकी की ऑर्डर देण्याआधी आठवडाभर विचार केला. आता वाटतं, पहिल्या दिवसापासून याच असायला हव्या होत्या. बोट सरकताना किंचाळत नाहीत, पुसायला सोप्या, आवाज गोल आणि दबका, अभंगाखाली घालायला अगदी नेमका. जुनी झाली म्हणून आवाज बिघडला असंही यांच्या बाबतीत होत नाही. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर बेस वाजवणारे जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वापरायचे, आणि तार तुटल्याशिवाय बदलायचे नाहीत. उजव्या हाताच्या एका तर्जनीवर त्यांनी ते सगळं वाजवलं आहे. खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला गुरू मिळणार नाही.

पण फ्लॅटवाउंडचा ताण सहसा जास्त असतो. ताण वाढला, मान पुढे आली, तारा मधल्या भागात उंच झाल्या. मोजलं तर फट ०.६०च्या पुढे. म्हणजे पुन्हा उपडी गिटार, पुन्हा चार स्क्रू, या वेळी पाव फेरा घट्ट. नट बाहेर असता तर तारा बदलण्याच्या कामाचा हा शेवटचा टप्पा ठरला असता. तो लपवल्यामुळे तारांचा प्रकार बदलावा की नाही, हा निर्णयही नटावर अवलंबून राहतो. मला या रचनेचा राग याच कारणाने येतो. जुन्या गिटारची हुबेहूब प्रत हवी असणारे हौशी लोक असतील, त्यांनी खुशाल घ्यावी. पहिली गिटार म्हणून घेणाऱ्या माणसाच्या गळ्यात ती का मारायची?

चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठी हातांबद्दल एक गोष्ट. ३४ इंची मानेवर पहिला फ्रेट खुंट्यांकडच्या तारा टेकतात त्या पट्टीपासून (तिलाही नटच म्हणतात) जवळजवळ ४८ मिलीमीटरवर असतो. चार बोटं चार फ्रेटवर ताणायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण पहिल्या पाच फ्रेटमध्ये तो पाळायचं कारण नाही. उभ्या डबल बेसची सिमांडल पद्धत बघा. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी वापरायची, अनामिकेने करंगळीला आधार द्यायचा, चौथ्या फ्रेटसाठी हातच सरकवायचा. माझ्या मनगटाची दुखायची ती शीर याने थांबली. आणि उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता वाजत नसलेल्या तारांवर टेकवत न्या. बेसवरचा निम्मा गोंगाट आपण न छेडलेल्या तारांचा असतो.

तर घेणाऱ्यांनी काय करावं. दुकानात असाल तर हेडस्टॉककडे बघा. तारा टेकतात त्या नटाच्या पट्टीमागे ॲलन की जाईल असं भोक किंवा त्यावरचं छोटं झाकण दिसलं तर उत्तम. काही गिटारींना मानेच्या धडाकडच्या टोकाला भोकांची चकती असते, बारीक सळई घालून ती बाहेरूनच फिरते. ती सोय तर सगळ्यात सोपी. दोन्ही नसेल तर नट आत आहे असं समजा आणि हजार-दोन हजार स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. ऑनलाइन घेताना हेडस्टॉकचा जवळून काढलेला फोटो मागा आणि मिळाल्याशिवाय पैसे भरू नका. पिकअप, रंग, लाकडाचं नाव हे सगळं त्यानंतर.

माझी गिटार मी ठेवतो आहे. स्क्रूंच्या भोकांना मेण लावलं आहे आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की पुन्हा गेज घालून बघेन. मान किती हलली ते मापासकट इथेच लिहितो.