मामांचं दुकान ओएनडीसीवर, आठ महिन्यांनंतर

रविवार पेठेत आमच्या मामांचं मसाल्याचं दुकान, ते ओएनडीसीवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं (भाचा आयटीत, मग काय). आधी एक सांगतो, ओएनडीसी म्हणजे अ‍ॅप नाही, मामा अजून विचारतात "ते डाउनलोड कुठून करायचं रे". २०२१ च्या डिसेंबरात सरकारच्या पुढाकारानं स्थापन झालेली ना-नफा कंपनी आहे, ती ऑनलाइन खरेदी-विक्रीचं नेटवर्क चालवते (नावच ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स). गिऱ्हाईक एका कंपनीच्या अ‍ॅपवर, आपण दुसऱ्याच कंपनीच्या सेलर अ‍ॅपवर, पार्सल नेणारी तिसरीच, एकमेकांची ओळखदेख नाही, पण बेकन प्रोटोकॉल नावाच्या सगळ्यांसाठी ठरलेल्या नियमांच्या भाषेत निरोप पाठवून तिघं मिळून एक ऑर्डर पार पाडतात.

आतलं काम मला जाम आवडलं. गिऱ्हाइकाचा सर्च आला की गेटवे, म्हणजे मधला निरोप्या, तो सेलर अ‍ॅप्सना वाटतो, त्यात शहराचा कोड पण एसटीडीवालाच, पुणे म्हणजे ०२०, घरातला लँडलाइन गेला पण कोड उरला बघा! समोरचा लगेच फक्त "मिळालं" एवढंच म्हणतो, खरं उत्तर मागून वेगळ्या कॉलनं येतं, त्यामुळे एक जण ढिला पडला तर बाकीचे ताटकळत नाहीत. पुढे सिलेक्ट (माल निवडणं), इनिट (ऑर्डरची तयारी), कन्फर्म (ऑर्डर पक्की) सगळ्याचं असंच. आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, नंतर "आम्ही पाठवलंच नाही" म्हणायची सोय नाही.

आता वैताग. एका ताईंचा अर्धा किलो गोडा मसाला घरी पोचला, त्यांची आमटीसुद्धा झाली असेल, तरी त्यांच्या अ‍ॅपवर दोन दिवस "पॅक्ड". विचारलं तर तिन्ही कंपन्या म्हणे आमच्याकडून क्लिअर आहे. शेवटी ट्रान्झॅक्शन आयडी (त्या व्यवहाराचा ओळख-क्रमांक) धरून लॉग, म्हणजे निरोपांच्या नोंदी, मागवले, तर डिलिव्हरीवाल्यांचं स्टेटस आमच्या सेलर अ‍ॅपपर्यंत (नाव नाही घेत) आलेलं, यांनी पुढे ढकललंच नव्हतं. तोवर पैसे अडकले ते अडकलेच. तक्रारीचा कॉलपण प्रोटोकॉलमध्येच आहे, पण तो टाकायला आधी आयडी हातात पाहिजे, म्हणून मामा आता प्रत्येक ऑर्डरचा आयडी उधारीच्या वहीत मागच्या पानावर उतरवून ठेवतात, चष्मा लावून, एकेक अक्षर.

चार स्टार नेटवर्कला, सेलर अ‍ॅपला दोन. अ‍ॅप बदलतोय, दुकान तिथेच ठेवतोय.